उत्तेजकांच्या व्यसनावर काम सुरू करताना

समुपदेशनाच्या पहिल्या वर्षी मी रुग्णांना दुष्परिणाम समजावत बसायचे. मेथ (मेथॅम्फेटामिन, मेंदूला उत्तेजित करणारं ड्रग) घेणारा एक तरुण सगळं ऐकून घ्यायचा, माझ्यापेक्षा नेमके तपशील सांगायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा नशा करून यायचा. मला वाटायचं, हा आपल्याला फसवतोय. चूक माझी होती. त्याला माहिती कमी नव्हतीच.

या कामात येताय तर आधी डोपामिन नीट समजून घ्या. ‘आनंदाचं रसायन’ एवढ्यावर थांबू नका. ‘हे महत्त्वाचं, पुन्हा कर’ असं ते मेंदूला शिकवतं. वापरलेलं डोपामिन पेशीत परत नेणारी वाट कोकेन अडवतं. मेथ तर पेशीत साठवलेलंही बाहेर ढकलतं. असा पूर वारंवार आला की डोपामिन टिपणारे रिसेप्टर कमी होतात. मग जेवण, गप्पा, मुलांचं हसणं, कशातच गोडी वाटत नाही. पुढे नशेतली मजाही ओसरते, तलफ मात्र वाढत जाते. हवंसं वाटणं वेगळं आणि आवडणं वेगळं, हे रॉबिन्सन आणि बेरिज या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलं. रुग्ण ‘मजा येत नाही, तरी घेतो’ म्हणतो तेव्हा तो खरं बोलत असतो.

सगळं माहीत असूनही रुग्ण चुकीचा निर्णय का घेतो, हे कोडं मला ‘आयोवा गॅम्बलिंग टास्क’मुळे उलगडलं. १९९४ च्या या चाचणीत पत्त्यांचे चार गठ्ठे असतात. दोन गठ्ठ्यांत बक्षिसं मोठी, पण अखेर तोटाच. बहुतेक लोक हळूहळू ते टाळायला शिकतात. उत्तेजकांच्या व्यसनातले अनेक जण मात्र नुकसान होत असूनही तिथलीच पानं उचलत राहतात. परिणाम तोलणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग त्यांच्यात दुबळा पडलेला असतो.

म्हणून पुढची भेट महिन्यानंतरची देऊ नका, परवाची द्या. लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस देण्याची पद्धत आहे. नवख्यांना ती लाच वाटते, मलाही वाटली होती. पण उत्तेजकांच्या व्यसनात सर्वात भक्कम पुरावा तिच्याच बाजूने आहे, कारण आत्ताचं आणि हातातलं एवढंच त्या मेंदूला दिसतं.

आणि घाई करू नका. व्यसनाच्या संशोधक नोरा वोल्कोव यांच्या २००१ च्या अभ्यासात मेथ सोडून १२ ते १७ महिने झालेल्यांच्या मेंदूत डोपामिन परत नेणारी प्रथिनं बरीच सावरली होती. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तेवढी सुधारणा नव्हती. घरच्यांना हे पहिल्याच भेटीत सांगा. तीन महिन्यांनी ‘अजून कसा ताळ्यावर येत नाही’ म्हणून ते हात टेकतात, तेव्हा हेच सांगितलं तर त्यांना ती सबब वाटते.