रणनीती गेममध्ये रेल्वेचे नियम कसे बसवावेत

आधी फुकट हालचाल बंद करा. 1991 च्या मूळ 'सिव्हिलायझेशन' या संगणकीय गेममध्ये तुकडीला टर्नमागे मिळणारे हालचालीचे गुण रुळांवर खर्चच होत नसत. अख्खं सैन्य एका टर्नमध्ये या टोकाहून त्या टोकाला जाई, मग सीमेवर फौज ठेवायची कशाला? सपाट जमिनीवर नकाशावरच्या एका घराला 1 गुण लागत असेल, तर रुळांवर 0.1 ठेवा. गाडीत चढायला 1 गुण घ्या. उतरलं की त्या तुकडीचा टर्न संपला. 2 गुणांची तुकडी मग 10 घरं जाते आणि उतरल्या उतरल्या हल्ला करू शकत नाही.

पण खरी मेख वेगात नाही, क्षमतेत आहे. एकेरी मार्गाला टर्नमागे 3 फेऱ्या द्या, दुहेरीला 8. दुपटीहून जास्त, कारण समोरच्या गाडीसाठी खोळंबावं लागत नाही. धान्य, कोळसा आणि सैन्य याच फेऱ्यांवर भांडू द्या. तोफा आघाडीवर धाडल्या की शहराचं धान्य अडकलंच पाहिजे. खेळाडूला निवड करावी लागते ती इथेच.

शत्रूचे रूळ आयते मिळू नयेत. 1941 मध्ये जर्मन सैन्याला सोव्हिएत रुळांमधलं जास्त रुंद अंतर आपल्या 1435 मिलिमीटरवर आणत पुढे सरकावं लागलं. अभियंता तुकडीला टर्नमागे 2 घरांचे रूळ बदलू द्या. उखडलेला रूळ 1 टर्नमध्ये दुरुस्त व्हावा, पूल मात्र 4.

देखभाल घरागणिक आकारा, नाहीतर नकाशाभर रुळांची जाळी पसरते.