बोटीच्या ४५४ ला इंटेक मॅनिफोल्ड कुठला घ्यायचा आणि घासायचा किती

अमेरिकेत ॲरिझोनाच्या लेक हवासूवर ७० च्या दशकातल्या जेट बोटी अजून भरपूर दिसतात, मागे उघडं शेवी ४५४ बिग ब्लॉक (शेव्हरोलेचं ४५४ घनइंचांचं मोठं व्ही-८ इंजिन) आणि त्याला पाणी मागे फेकून बोट ढकलणारा बर्कलीचा पंप. अशी बोट घेतली की पहिला हात इंटेक मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल सिलिंडरांत वाटणाऱ्या भागाला) जातो, आणि तिथेच बरेच जण गाडीचा हिशोब लावतात. मीही आधी तोच लावला होता, म्हणून सविस्तर लिहितोय.

बोटीला गाडीसारखे बदलायचे गिअर नसतात हे आधी डोक्यात पक्कं करा. गाडीत इंजिन खालून वरपर्यंत सगळ्या आरपीएममधून फिरत राहतं, जेट बोटीत थ्रॉटल दाबला की इंजिन झटकन वर चढतं आणि मग इम्पेलर (पंपाचं फिरतं चाक) त्याला एका आकड्यावर धरून ठेवतो, ४६०० म्हणा, ५००० म्हणा, जेवढा इंजिनात दम तेवढं. पंपाला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाने वाढते, म्हणजे आरपीएम १० टक्के वाढवायचे तर ताकद ३३ टक्के जास्त लागते. त्यामुळे ७५०० पर्यंत चालणारा मॅनिफोल्ड आणून लावला तरी बोट तिथवर पोचतच नाही.

म्हणून खरेदीच्या आधी पाण्यात जा, पूर्ण थ्रॉटलला टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) कुठे थांबतो ते लिहून ठेवा. एडलब्रॉक कंपनीच्या मॅनिफोल्डचं उदाहरण घ्या, परफॉर्मर आयडलपासून ५५०० साठी, परफॉर्मर आरपीएम १५०० ते ६५००, व्हिक्टर ज्युनियर ३५०० ते ७५००. पहिले दोन ड्युअल प्लेन (आतल्या वाटा दोन मजल्यांत विभागलेल्या), तिसरा सिंगल प्लेन (सगळ्या वाटा एकाच मजल्यावर). ४८०० ला थांबणाऱ्या बोटीला मी डोळे मिटून परफॉर्मर आरपीएम सांगेन. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेड (सिलिंडरवरचं व्हॉल्व्हचं झाकण) चांगले असतील आणि जेट ५५०० च्या वर जात असेल तर सिंगल प्लेन शोभतो. पंपाऐवजी पाण्याखालच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) चालणारी बोट असेल तर मात्र ड्युअल प्लेनच घ्या, कारण बोट पाण्यावर उचलायला खालचा टॉर्क लागतो, जेटला तो तेवढा लागत नाही. इंजिन तेच असूनही बोटीप्रमाणे उत्तर बदलतं ते यामुळे.

ड्युअल प्लेन खाली एवढा चांगला का, तर शेवीचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) बघा, १-८-४-३-६-५-७-२. एका मजल्यावर १, ४, ६, ७ आणि दुसऱ्यावर ८, ३, ५, २, म्हणजे दोन्ही मजले आळीपाळीने ओढतात. ५ आणि ७ शेजारी-शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात, सिंगल प्लेनमधे दोघं एकाच प्लेनममधून (कार्बखालच्या पोकळीतून) हवा खेचतात आणि एकाची दुसऱ्याला अडचण होते, ड्युअलमधे ते वेगळ्या मजल्यांवर असतात.

आता पोर्ट, म्हणजे हवा आत जायची तोंडं. बिग ब्लॉकचे हेड ओव्हल पोर्टचे असतात नाहीतर रेक्टँगलचे, आणि बोल्ट दोन्हीला सारखेच बसतात, त्यातच माणूस फसतो. मला एकाने जुना रेक्टँगल मॅनिफोल्ड "बसेल की" म्हणून दिला, बसला पण, पण माझे हेड ओव्हल, त्यामुळे हवेच्या वाटेत समोर भिंतच उभी राहिली. मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा किंचित लहान चालतं, मोठं चालत नाही. आणि ट्रकचा उंच डेकचा ब्लॉक असेल तर त्याला रुंद मॅनिफोल्ड वेगळा येतो.

मॅनिफोल्डचं तोंड घासून हेडशी जुळवताना गॅस्केट (दोन्हींमधलं सील) हेडवर ठेवून जुळवा, मग तोच मॅनिफोल्डवर धरा, निळी शाई लावून सुईने रेघ मारा. ॲल्युमिनियमसाठीचा मोठ्या दातांचा बर (फिरत्या मशीनचं घासायचं टोक) घ्या, लोखंडासाठीचा घेतला तर दोन मिनिटांत धातूने भरून जातो, मधेमधे मेणबत्तीवर टेकवत राहिलं की दात मोकळे राहतात. आत साधारण एक इंचापर्यंतच निमुळतं करत जायचं, पुढे रनरला (आतल्या लांब नळीला) हात लावू नका. शेवटी ८० चा सँडपेपर, बस. आरशासारखं चमकवू नका, कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) इंजिनात गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे ओघळ होतात. ड्युअल प्लेनच्या मधली भिंत अर्धा इंच कापली की वरच्या आरपीएमला थोडं सुधारतं, पण आधी तसंच चालवून बघा, कापलेलं परत येत नाही.

उंचीही बघा, फ्लेम अरेस्टरवर (कार्बवरच्या आग अडवणाऱ्या जाळीवर) मातीचा गोळा ठेवून इंजिनचं झाकण लावा, किती दबला त्यावरून जागा कळते. खाऱ्या पाण्यात सरळ बाहेरचं पाणी इंजिनात फिरत असेल तर ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात, तिथे बीडाचा मॅनिफोल्ड बरा.

बसवताना पुढच्या-मागच्या टोकाची रबरी सील टाकून द्या, सिलिकॉनची जाड रेघ ओढा, पाण्याच्या भोकांभोवतीही लावा. बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत २५ ते ३० फूट-पौंडपर्यंत.

आणि हे कधीच टाळू नका. बोटीत पेट्रोलची वाफ बिल्जमधे (बोटीच्या तळात) खाली साठते, गाडीसारखी उडून जात नाही. कार्ब मरीनचाच, त्याच्या व्हेंटच्या नळ्या घशाकडे वळलेल्या असतात म्हणजे ओव्हरफ्लो झालं तर पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनात जातं. एअर क्लीनर नाही, फ्लेम अरेस्टरच, २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या इनबोर्ड पेट्रोल इंजिनांना अमेरिकेत तो कायद्यानेच लागतो. स्टार्टरआधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) ४ मिनिटं. हवेची गळती शोधायला कार्ब क्लीनर मारू नका, आग लागेल, साबणाचं पाणी शिंपडा, आयडल बदललं की जागा सापडली.

मग पाण्यात एक पूर्ण थ्रॉटलची धाव घ्या, इंजिन तिथेच बंद करा, किनाऱ्यावर आठही प्लग काढून ओळीने मांडा. कोपऱ्यातले पांढरे आणि मधले काळे दिसले तर सिलिंडरांमधलं पेट्रोलचं वाटप बिघडलंय, अशा वेळी कार्बचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलण्याआधी कार्बखाली एक इंचाचा स्पेसर लावून परत एक धाव घ्या.