दाभोळकर कॉर्नरचा धूर: दुचाकीवाल्यांनो, या चुका टाळा

तोंडाला स्कार्फ गुंडाळला की काम झालं, असं कोल्हापुरात निम्मे दुचाकीवाले धरून चालतात. स्कार्फनं ऊन अडतं, जाडी धूळही थोडी अडते. पण गाड्यांच्या धुरातले पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. ते कापडाच्या विणीतून आरामात आत जातात. एन-९५ मास्क त्यांना अडवतो, तोही गालाला घट्ट बसला तरच. दाढीवर चढवलेला मास्क म्हणजे कडी न लावलेलं दार. नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड हे वायू तर त्यातूनही येतात.

म्हणून माझ्या मते तोंडाला काय बांधलंय यापेक्षा तुम्ही उभे कुठं राहता, हे आधी बघा. दाभोळकर कॉर्नरसारख्या चौकात लाल दिवा लागला की गर्दीतून वाट काढत आपण नेमके केएमटी बसच्या नाहीतर वडापच्या जीपच्या मागं जाऊन थांबतो, सायलेन्सर हातभर अंतरावर. धूर तिथंच सगळ्यात दाट असतो. थोडं मागं किंवा बाजूला सरकलं की हवेत मिसळून पातळ होतो. सिग्नल सुटताना डिझेल इंजिन जोर लावतं आणि काळा लोट सोडतं. नेमकी तेव्हाच पुढं घुसायची घाई नडते. मोठी गाडी आधी जाऊ द्या, मागचे हॉर्न वाजवतीलच. थांबल्यावर आपलंही इंजिन बंद करा, पीयूसी असली तरी. त्या तपासणीत पीएम २.५ मोजतच नाहीत.

राजारामपुरीत मेन रोड सोडून आतली गल्ली धरली तर दोन मिनिटं जास्त लागतील, धूर मात्र कमी खाल.

कारवाल्यांची चूक वेगळी: काचा बंद, पण बाहेरची हवा आत घेणं चालूच. कोंडीत आतली हवा आतच फिरवणारं बटण दाबा आणि मोकळा रस्ता लागला की बंद करा, नाहीतर आत कार्बन डायऑक्साइड साठून झापड येते.

मोबाईलवर ‘हवा समाधानकारक’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तो हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक बहुधा २४ तासांच्या सरासरीवर काढतात. चौकातली तुमची दहा मिनिटं त्यात कुठंच दिसत नाहीत. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसते, धूर वर जात नाही. अशा वेळी रस्त्याकडेनं पळायला जाणं टाळा, कारण पळताना श्वास कैक पटीनं वाढतो.

एवढं करूनही खोकला दोन आठवड्यांत थांबला नाही, तर हळदीच्या दुधावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. दमा असेल तर इन्हेलर डिकीत नको, खिशात ठेवा.