स्वमग्न मूल शिकलेले गमावू लागते तेव्हा पालकांनी काय करावे

दीड वर्षाचे मूल ‘आई’, ‘पाणी’, ‘भू-भू’ असे म्हणू लागते आणि मग काही आठवड्यांत ते शब्द एकेक करून नाहीसे होतात. दुसऱ्या एखाद्या घरात स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान झालेले, हाताने जेवणारे, शी-शू खुणेने सांगणारे चार-पाच वर्षांचे मूल पुन्हा कपड्यांत शू करू लागते आणि घास पुढे आला की तोंड फिरवते. दोन्ही ठिकाणी ‘मूल मागे गेले’ असेच म्हटले जाते, तरी या अवस्था वेगळ्या आहेत. पहिली बहुधा ऑटिझम प्रकट होण्याचीच एक रीत असते आणि ऑटिझम असलेल्या मुलांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश मुलांमध्ये ती दिसते. तेथे लवकर निदान आणि लवकर मदत हाच मार्ग आहे. दुसऱ्या अवस्थेमागे मात्र पुष्कळदा शोधता येण्याजोगे कारण असते आणि पुढील मार्गदर्शन मुख्यतः तिच्यासाठी आहे.

सर्वांत आधी एक वही करावी. मूल कोणती गोष्ट कधीपासून करत नाही, कोणती अजून करते, झोप किती, शौचाला कधी, काय खाल्ले, कोणते औषध सुरू किंवा बंद झाले, हे रोज चार ओळींत लिहावे. मागील दीड-दोन महिन्यांत घरात काय बदलले तेही आठवून लिहावे, कारण मोठ्यांना किरकोळ वाटणारा बदल मुलाच्या दृष्टीने मोठा असू शकतो. जूनमध्ये नवी बालवाडी सुरू झाली असेल, नाशिकमध्ये सिडकोतील घर सोडून पाथर्डी फाट्याकडे बिऱ्हाड हलले असेल, द्राक्षकाढणीसाठी आजी निफाडला गेली असेल किंवा घरात दुसरे बाळ आले असेल. मूल मध्येच टक लावून थांबत असेल, हातपाय झटकत असेल किंवा डोके आपटत असेल तर मोबाइलवर त्याचे चित्रण करावे, कारण दवाखान्यात नेमके त्या वेळी तसे घडेलच असे नाही.

वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि ‘हे ऑटिझममुळेच आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. ज्या मुलाला दुखते आहे हे सांगता येत नाही, त्याचे दुखणे वागण्यातून बाहेर पडते. कान फुटणे, किडलेली दाढ, घशाला येणारे आंबट पाणी आणि विशेषतः बद्धकोष्ठता यांची तपासणी आग्रहाने करून घ्यावी. साचलेल्या मळामुळे शौचाची शिकलेली सवय मोडते आणि घरचे लोक त्याला हट्ट समजतात. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलात लोह आणि बी-12 यांची कमतरता आहे का, हे रक्ततपासणीतून पाहावे. बोलणे कमी झाले असेल तर श्रवणचाचणी पूर्वी झाली असली तरी पुन्हा करावी. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये अपस्माराचे (फिट येण्याच्या विकाराचे) प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असते आणि त्याचे सगळेच झटके डोळ्यांना दिसतील असे नसतात. म्हणून तीन वर्षांनंतर बोलणे किंवा बोललेले समजणे कमी झाले असेल, तर झोपेतील ईईजीविषयी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींच्या तपासणीविषयी, बालमेंदूविकारतज्ज्ञांना स्पष्टपणे विचारावे.

काही लक्षणे दिसल्यास वहीचीही वाट पाहू नये. चालताना तोल जाऊ लागणे, सकाळी उठल्यावर वारंवार उलटी होणे, झटका येणे, हाताने वस्तू धरण्याची क्षमता जाणे ही ती लक्षणे होत. लहान मुलीने हाताचा उपयोग गमावला असेल आणि ती हात सतत पिळल्यासारखे चोळत असेल, तर रेट सिंड्रोम या जनुकीय विकारासाठी जनुकीय तपासणीचा विचार करावा लागतो.

तपासण्या चालू असतानाच घरातील अपेक्षा कमी कराव्यात. या काळातील सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे, असे माझे ठाम मत आहे. घाबरलेले पालक थेरपीची सत्रे दुप्पट करतात आणि संध्याकाळी घरीही मुलाला टेबलाशी बसवतात. दमलेल्या मुलावर आणखी भार पडला की उरलेली कौशल्येही डळमळू लागतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे शिकवणारे) आणि स्पीच थेरपिस्ट (बोलणे शिकवणारे) यांना वही दाखवून काही आठवड्यांसाठी उद्दिष्टे कमी करण्यास सांगावे. दिवसाचा क्रम मात्र शक्य तितका तोच ठेवावा आणि उठणे, आंघोळ, जेवण, फिरणे, झोप यांची चित्रे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लावावीत. पुढे काय होणार आहे हे कळले की त्याची भीती कमी होते.

प्रश्न विचारणे जवळजवळ थांबवावे. आपल्याकडे पाहुणा आला की ‘नाव सांग’, ‘मामाला नमस्कार कर’, ‘हे काय आहे, बोल ना’ असा मारा सुरू होतो. असे प्रश्न विचारू नका, हे पाहुण्यांना दारातच नम्रपणे सांगावे. मूल ज्यात रमले आहे त्याविषयी आपणच दोन-तीन शब्द बोलावेत, ‘गाडी गेली’, ‘पाणी गार’, आणि मग मनात दहा अंक मोजत गप्प राहावे. त्याने हात धरून फ्रीजकडे ओढले तर ती मागणीच आहे. ‘आधी बोल, मग देतो’ असे म्हणून ती अडवू नये. शब्द गेले असतील तर चित्रकार्डे, खुणा किंवा आयआयटी मुंबईत विकसित झालेले, मराठीतही चालणारे ‘जेलो’ हे अॅप वापरावे. चित्रांची सवय लागली की मूल बोलणार नाही, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. तसेच घरातील मराठी सोडून केवळ इंग्रजीत बोलण्याचा सल्ला मिळाला तर तो मानण्याचे कारण नाही, कारण दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाच्या भाषेची हानी होते असे आढळलेले नाही, आणि आजी-आजोबांशी त्याचा संबंध त्या मराठीतूनच टिकतो.

शी-शूची सवय गेली असेल तर न रागावता काही काळ पुन्हा डायपर वापरावा. जेवणात जे दोन-चार पदार्थ मूल स्वीकारते ते तसेच चालू ठेवावेत. त्यात औषध लपवू नये, नाहीतर तोही पदार्थ हातचा जातो. ‘भूक लागली की खाईल’ हा नियम येथे धोक्याचा आहे. वजन दर आठवड्याला करावे आणि ते घटत असेल किंवा मूल पाणीही नाकारत असेल तर लगेच डॉक्टरांना गाठावे.

सुरक्षिततेकडे या काळात अधिक लक्ष हवे, कारण अस्वस्थ मूल घरातून निसटण्याचा संभव वाढतो आणि अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. नाशिककरांना गोदाकाठ डोळ्यांपुढे असतो, पण दिंडोरी-निफाड भागातील शेततळ्यांचा धोका त्याहून कमी लेखला जातो. प्लास्टिकच्या गुळगुळीत उतारावरून आत घसरलेल्या मुलाला वर येता येत नाही. सुटीत गावी गेल्यावर तळ्याला आणि विहिरीला कुंपण आहे का, हे प्रथम पाहावे, दाराची कडी मुलाचा हात पोहोचणार नाही इतकी उंच बसवावी आणि कपड्यावर आतून पालकांचा फोन क्रमांक शिवावा.

आवाज आणि गर्दी यांचाही हिशेब ठेवावा. गणपतीत रस्त्यावर घर असेल तर मिरवणुकीच्या संध्याकाळी शांत भागातील नातेवाइकांकडे जाणे योग्य, मात्र त्या घरी आधी एक-दोनदा मुलाला नेऊन आणावे. रंगपंचमीला जुन्या नाशकातील रहाडींजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या मोठ्या हौदांजवळ, त्याला या वर्षी नेऊ नये. 2026-27 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पंचवटीच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांनी, रस्ते बंद असताना थेरपीला आणि दवाखान्यात कोणत्या वाटेने जायचे, हे आधीच ठरवावे. कानावर बसवायचे आवाजरोधक हेडफोन घरी शांत वेळी घालून सवय करावी लागते. ऐन ढोल-ताशात ते मूल भिरकावून देते.

अशा वेळी हमखास बरे करण्याचे दावे करणारे भेटतात आणि हतबल पालक कर्ज काढूनही त्यांच्यामागे जातात, याचे मला फार वाईट वाटते. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. शरीरातील धातू काढून टाकण्याचे उपचार तर जिवावर बेतू शकतात. लसीवरही दोष येतो, कारण गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांच्या वयात दिला जातो आणि शब्द हरवण्याचे वयही तेच असते. एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 1998 चा शोधनिबंध 2010 मध्ये मागे घेण्यात आला आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. आई नोकरी करते म्हणून हे झाले, असे घरात कोणी म्हणत असेल तर वडिलांनी तेथेच ते बोलणे थांबवावे.

मूल नीट झोपू लागले, खाऊ लागले, रडणे कमी झाले की पुन्हा शिकवण्यास आरंभ करावा. जे कौशल्य टिकून आहे त्याच्या एक पायरी खालून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. पूर्वी स्वतः जेवत असलेल्या मुलाला प्रथम आपण भरलेला चमचा केवळ तोंडापर्यंत नेऊ द्यावा. ते सहज जमले की चमचा भरण्याकडे वळावे. शाळेशी लेखी बोलून काही आठवडे अर्धा दिवस आणि वर्गात एक शांत कोपरा मागावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये ऑटिझमचा समावेश असल्यामुळे ही मागणी उपकाराची नाही. खाजगी थेरपीचा खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी जिल्हा शासकीय रुग्णालयात करावी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढून ठेवावे, आणि एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणाऱ्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेसाठी अर्ज करावा. अर्जासोबतच्या कागदपत्रांच्या प्रती त्या वहीच्याच पिशवीत ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या प्रत्येक तपासणीच्या वेळी सर्व एकत्र हाती येते.