जुना ट्रॅकबॉल काढून नवा लावताना

वर्षानुवर्षं एकच ट्रॅकबॉल (म्हणजे माऊस न सरकवता त्यातला बॉल फिरवून पॉइंटर हलवायचा तो) वापरलेल्या माणसाला तो बदलायचा म्हटलं की जिवावर येतं, कारण आता विचार न करता बोटं आपोआप चालतात. त्यामुळे नवा कितीही भारी असला तरी पहिल्या दिवशी तो वाईटच वाटणार हे धरून चला, आणि खोकं लगेच फेकून देऊ नका.

पण त्याआधी खरंच बदलायची गरज आहे का ते बघा. पॉइंटर अडखळतोय, मध्येच उडी मारतोय, बॉल जड फिरतोय, तर बहुतेक वेळा नुसता मळ असतो. बऱ्याच मॉडेलना खालून एक भोक असतं, त्यातून पेन्सिल ढकलली की बॉल बाहेर येतो. आत तीन बारीक मणी दिसतील, बॉल त्यांच्यावरच फिरतो, आणि त्यांच्याभोवती राखाडी थर बसलेला असतो. तो कोरड्या इयरबडने काढायचा, सेन्सरची काच हलक्या हाताने पुसायची, झालं. तेल किंवा ग्रीस अजिबात घालू नका, धूळ अजून चिकटते. एकदा क्लिक केलं की डबल क्लिक होतंय किंवा फाईल ड्रॅग करताना मध्येच सुटतेय, तर मात्र स्विच झिजलाय. सोल्डरिंग येत असेल तर बटणाखालचा हा छोटा मायक्रोस्विच बदलता येतो, नाहीतर नवा घ्या आता.

घेताना सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे अंगठ्याचा की बोटांचा. इथे माझं मत ठाम आहे, जो प्रकार आत्ता वापरताय तोच घ्या. अंगठ्याने बॉल फिरवणाऱ्याने एकदम केन्सिंग्टन एक्स्पर्टसारखा ५५ मिमी बॉलवाला घेतला तर ते माऊस बदलणं नाही, नव्याने शिकणंच झालं. अर्थात अंगठा दुखतोय म्हणूनच बदलत असाल तर गोष्ट वेगळी, मग बोटांचाच बघा. लॉजिटेकचा एम५७० (२०१० चा) वापरणाऱ्यांसाठी सरळ रस्ता म्हणजे २०२० मध्ये आलेला एर्गो एम५७५, आकार जवळपास तोच. हात जरा तिरका ठेवायचा असेल तर एमएक्स एर्गो, त्याच्या खाली लोखंडी प्लेट आहे आणि तो सपाट किंवा २० अंशात कलता ठेवता येतो. लॉजिटेकचाच जुना ट्रॅकमॅन मार्बल बोटांचा होता आणि दोन्ही हातांना चालायचा, पण अंगठ्याची मॉडेल जवळजवळ सगळी उजव्या हाताचीच असतात, तेव्हा डावखुऱ्यांनी फोटो नीट बघूनच ऑर्डर करा.

डाँगलचं, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरचं पण बघून घ्या. लॉजिटेकचा जुना युनिफाइंग रिसीव्हर आणि नवा बोल्ट यांचं एकमेकांशी जमत नाही, त्यामुळे जुना डाँगल लावलेलाच आहे, त्यावरच नवा चालेल असं गृहीत धरू नका. एमएक्स एर्गोचं नवं मॉडेल, एमएक्स एर्गो एस, बोल्टवर चालतो. ब्लूटूथ असेल तर प्रश्न मिटला, फक्त बायोसमध्ये (विंडोज चालू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) शिरायचं झालं तर ब्लूटूथ माऊस बऱ्याचदा चालत नाही.

आता मुख्य काम. जुना काढायच्या आधी त्याच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, पॉइंटर स्पीड किती, कुठल्या बटणाला काय दिलंय, सगळं. मग नवा लावा, आणि पॉइंटर इकडून तिकडे पळायला लागला तर घाबरू नका. ट्रॅकमॅन मार्बल ३०० डीपीआयचा होता (डीपीआय जास्त म्हणजे बॉल तेवढाच फिरवला तरी पॉइंटर जास्त लांब जातो), एम५७५ मात्र २००० पर्यंत जातो. आधी माऊसच्या सॉफ्टवेअरमधून डीपीआय खाली आणा, विंडोजचा स्लायडर मधल्या खुणेवरच राहू द्या. दोन्ही एकदम हलवत बसलात तर कशाने काय झालं तेच कळत नाही. विंडोजमधलं एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन जुन्या माऊसला चालू होतं तर चालूच ठेवा, गेमवाले कायम बंद करा म्हणतात पण ट्रॅकबॉलला ते उपयोगी पडतं, हळू फिरवलं की बारीक काम होतं आणि झटका दिला की पॉइंटर स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला. मॅकवर याच प्रकारच्या पॉइंटर ॲक्सिलरेशनचा व्हेंचुरा या मॅकओएस आवृत्तीपासून वेगळा स्विच आहे. बटणं मात्र पहिल्याच दिवशी जुन्यासारखी लावून घ्या, बॅक फॉरवर्ड चुकलं की बॉल चुकण्यापेक्षा जास्त चिडचिड होते.

नवा बॉल सुरुवातीला चिकटल्यासारखा, खरखरीत फिरतो. हाताचं तेल लागलं की मऊ होतो, घाई असेल तर बरेच लोक तो सरळ नाकावर घासतात (हसू नका, चालतं ते). एम५७० वाल्यांची तर मजाच आहे, त्याचा बॉल ३४ मिमीचा आणि एम५७५ चा पण तेवढाच, म्हणजे जुना घोटलेला बॉल धुऊन नव्यात बसवता येतो.

सुरुवातीचे काही दिवस दोन्ही माऊस जोडूनच ठेवा, कॉम्प्युटरला काही फरक पडत नाही. घाईचं काम आलं की जुना, बाकी वेळ नवा. जुन्याकडे हात जायचा थांबला की त्याचा सेल काढून घ्या, आत राहिला तर फुटून गळतो, आणि डाँगल सेलच्या कप्प्यात खाच असेल तर तिथेच ठेवा म्हणजे हरवणार नाही.