उन्हाळ्यात लहान मुलांसह सायकल आणि मुक्काम : मराठवाड्यातील पालकांसाठी

मे महिन्यात लहान मुलांना घेऊन सायकलवर मुक्कामाला जायचे म्हटले, की मराठवाड्यातील घरात पहिला शब्द येतो तो नकाराचा, आणि आजी-आजोबांचा तो नकार निराधार नसतो. परभणी, नांदेड या भागांत या दिवसांत पारा 42 अंशांच्या पुढे जातो, ओढे-नाले आटलेले असतात आणि काळ्या रानात दूरवर सावली मिळत नाही. तरीही शाळेची मोठी सुटी याच काळात असते, रब्बीची पिके निघून शेते मोकळी झालेली असतात, पाणंद रस्ते कोरडे असतात आणि रात्री उघड्यावर निजता येते. सात वर्षांच्या मुलाने स्वतः पायडल मारत दुसऱ्या गावाची वेस गाठली, तर ते त्याच्या मनात फार काळ राहते. म्हणून बेत रद्द करण्याऐवजी तो उन्हाच्या कलाने आखावा आणि त्यासाठी एक नियम आधीच पक्का करावा : सकाळी साडेआठ ते सायंकाळी साडेपाच हा वेळ प्रवासाच्या हिशेबात धरायचाच नाही. बाकीचे बहुतेक निर्णय या एका नियमावरून ठरतात.

वेळ, अंतर आणि वाट

मे महिन्यात आपल्याकडे सूर्योदय सहाच्या सुमारास होतो आणि त्याआधी वीसेक मिनिटे वाट नीट दिसू लागते. त्या उजेडात निघाल्यास साडेआठपर्यंत पावणेतीन तास हाती लागतात. सहा ते आठ वर्षांचे, सायकलचा सराव असलेले मूल सपाट रस्त्यावर तासाला सात-आठ किलोमीटर जाते. परंतु त्याला मध्येच टिटवीच्या मागे पळायचे असते, दगड गोळा करायचे असतात, विहिरीवरच्या सुगरणीच्या घरट्यांकडे बघत उभे राहायचे असते. हे सर्व धरून एका सकाळी दहा ते बारा किलोमीटर पुरेसे आहेत. त्याहून मोठा टप्पा ठरवला, की उशीर होतो, उशीर झाला की ऊन चढते, आणि शेवटचे दोन किलोमीटर रडत जातात. पाच वर्षांखालील मुलाने मोठ्यांच्या सायकलवर बसूनच यावे आणि आपली छोटी सायकल मुक्कामाच्या जागी फिरवावी.

वाट निवडताना राष्ट्रीय महामार्ग आणि मोठे राज्य रस्ते सरळ वगळावेत. दोन गावांना जोडणारा आतला डांबरी रस्ता किंवा मुरूम टाकलेली पाणंद चांगली. काळ्या मातीची गाडीवाट मात्र नकाशावर कितीही सोयीची दिसली तरी उन्हाळ्यात लहान चाकांसाठी वाईट असते, कारण जमिनीला पडलेल्या भेगांत सोळा इंची चाक अडकते आणि मूल पुढे फेकले जाते. ठरवलेल्या वाटेवरून घरातील एका मोठ्या माणसाने आधीच्या आठवड्यात, त्याच पहाटेच्या वेळी, एकट्याने जाऊन यावे. सावलीची झाडे, पाणी असलेला हातपंप, वस्त्यांवरची कुत्री आणि पहाटे त्या रस्त्याने धावणारे वाळूचे टिप्पर या चार गोष्टी नकाशात सापडत नाहीत. टिप्परांचा रस्ता असेल तर दुसरी वाट शोधावी, तेथे सावधगिरीने भागत नाही. कुत्री अंगावर आली तर सर्वांनी उतरावे, मुलाला आत घेऊन सायकली बाहेरच्या अंगाला धराव्यात आणि न पळता चालत पुढे जावे.

चालवताना एक मोठा माणूस पुढे आणि दुसरा मुलाच्या किंचित मागे, उजव्या अंगाला असावा, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाला आधी मोठी सायकल दिसते. दोन मुलांमागे किमान दोन मोठी माणसे हवीत. एकट्या पालकाने दोन लहान मुलांना घेऊन रस्त्यावर उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायकलची तयारी

मुलाला सायकल मोठी घेऊ नये. “पुढच्या वर्षीही चालेल” या विचाराने घेतलेली सायकल या वर्षी त्याला पाडते. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटे सहज पोहोचली पाहिजेत. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर बसावे, पट्टे कानांखाली एकत्र यावेत आणि हनुवटीखाली एखादे बोट जाईल इतकीच ढिलाई असावी. डोक्यावर मागे सरकलेले हेल्मेट कपाळाचे रक्षण करीत नाही.

मोठ्यांच्या सायकलवर मूल बसवताना सर्वांत जास्त दुखापती होतात त्या मागच्या चाकात पाय गेल्याने. मूल पेंगते, पाय लोंबतात, आणि टाच तारांमध्ये सापडते. म्हणून नुसत्या कॅरिअरवर मुलाला कधीही बसवू नये. पाठ, पट्टा आणि पाय ठेवण्याचे खोलगट पायदान असलेले बालआसन लावून घ्यावे, चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवावी, आणि ओढणी किंवा पंचा चाकाजवळ लोंबकळत नाही हे निघण्यापूर्वी पाहावे.

आपल्या भागात पंक्चर ही अपवादाची बाब नाही. बाभळीचे काटे आणि सराटे उन्हाळ्यात वाळून कडक होतात आणि पाणंदीवर सर्वत्र पसरलेले असतात. जुनी ट्यूब उभी चिरून ती टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये अस्तरासारखी घातली, तर पुष्कळ काटे आत पोहोचत नाहीत. सायकल थोडी जड होते, पण लहान मुलांच्या वेगाला त्याने फरक पडत नाही. तरीही पंप, टायर काढण्याचे पाने, सोल्यूशन, पॅच, पॉलिश पेपर आणि प्रत्येक मापाची एक जादा ट्यूब जवळ ठेवावी. वाटेत सरळ ट्यूब बदलावी आणि फुटलेली ट्यूब मुक्कामी पोहोचल्यावर दुपारच्या सावलीत दुरुस्त करावी. हे काम मुलांना अवश्य दाखवावे. हवा भरलेली ट्यूब घमेल्यातील पाण्यात हळूहळू फिरवायची, बुडबुडे कोठून येतात ते मुलानेच शोधायचे आणि त्या जागी पेनाने खूण करायची. मग ट्यूब पुसून कोरडी करावी, पॉलिश पेपरने घासावी, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि त्याची ओली चकाकी गेल्यावरच पॅच दाबून बसवावा. उन्हाळ्यात हा थर झटकन सुकतो, त्यामुळे पॅच आधीच सोलून हाताशी ठेवलेला बरा. ट्यूब पुन्हा चढवण्यापूर्वी टायरच्या आतून जाड फडके फिरवावे. काट्याचे मोडलेले टोक फडक्याला अडकते, आणि ते राहिले तर लगेच दुसरे पंक्चर होते. टायरमध्ये हवा ठासून भरू नये आणि सायकली उन्हात उभ्या करू नयेत. तापलेल्या टायरचा धोका असतोच, शिवाय तापलेल्या दांडीने मुलाचा हात भाजतो.

मुक्काम कोठे करावा

पहिल्या मुक्कामासाठी नातेवाइकांचे किंवा ओळखीच्यांचे शेत यापेक्षा चांगली जागा नाही. विहीर किंवा बोअरचे पाणी, एखादी पत्र्याची खोली, दाट सावलीचे चिंच-आंब्याचे झाड आणि हाकेच्या अंतरावर माणूस एवढे असले, की दुपार निभावते. उंचावरची जागा हवी असेल तर खुलताबादजवळचे म्हैसमाळ हे सुमारे 1,067 मीटर उंचीचे पठार छत्रपती संभाजीनगरपेक्षा तीन-चार अंशांनी थंड असते. मात्र घाट सायकलने चढण्याचा हट्ट धरू नये. सायकली वाहनातून वर न्याव्यात आणि पठारावरील सपाट रस्त्यांवर, गिरिजादेवीच्या मंदिराकडे, सकाळ-संध्याकाळ फिरावे. उतारावर लहान मुलाचे ब्रेक आणि मनगटे दोन्ही अपुरी पडतात.

अभयारण्यात, मग ते कन्नडजवळचे गौताळा असो की धाराशिव जिल्ह्यातील येडशीचे रामलिंग घाट, वन विभागाच्या परवानगीशिवाय रात्री थांबू नये. उन्हाळ्यात प्राणी पाण्याच्या शोधात फिरतात आणि चुलीची एक ठिणगी वाळलेले रान पेटवते. देवगिरी किंवा नळदुर्गसारख्या किल्ल्यांत मुक्काम करता येत नाही. ते सकाळच्या फेरीत पाहावेत. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हेही बेत आखताना लक्षात ठेवावे. पैठणच्या नाथसागराचा काठ मोहात पाडतो, पण उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला आणि आतून दलदलीसारखा असतो. तेथे मुलांना पाण्याकडे धावू देऊ नये.

शेतात पोहोचल्यावर, तंबू उभारण्याच्याही आधी, मुलांना हाताशी धरून सर्व आवार चालत दाखवावे. बिनकठड्याची विहीर, मोटारीची पेटी, उघड्या वायरी, आणि विशेषतः शेततळे. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही आधाराशिवाय बाहेर येता येत नाही. त्याला कुंपण नसेल तर ती जागा लहान मुलांच्या मुक्कामासाठी बाद समजावी, मग सावली कितीही चांगली असो. कुंपण असले तरी मूल कोठे आहे यावर नजर ठेवण्याची जबाबदारी दर तासाला एका ठरावीक मोठ्या माणसाकडे असावी, कारण सगळ्यांचे लक्ष आहे असे वाटते तेव्हा बहुधा कोणाचेच नसते.

दुपार आणि रात्र

दुपारी तंबूत कोणीही थांबू नये; आत भट्टी होते. झाडाखाली सतरंजी, ओला पंचा, पत्ते, गोष्टी आणि झोप एवढाच कार्यक्रम असावा. पाण्याची बाटली ओल्या सुती फडक्यात गुंडाळून वाऱ्याला टांगली, की आपल्या कोरड्या हवेत पाणी छान गार होते. जेवणाला पहिल्या दिवशी घरून आणलेले धपाटे आणि दशम्या, सोबत दही, कांदा, काकडी, शेंगदाणे-गूळ. शिजवलेली भाजी किंवा भात उन्हात नेऊ नये, तो लवकर आंबतो. वाटेतील रसवंतीवर अवश्य थांबावे, मात्र मुलांचा रस बिनबर्फाचा घ्यावा.

मुलांना उन्हाचा त्रास मोठ्यांपेक्षा लवकर होतो, कारण वजनाच्या मानाने त्यांची त्वचा अधिक उन्हात असते, घाम कमी येतो, आणि खेळाच्या भरात ती पाणी मागत नाहीत. म्हणून प्रवासात दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून चार घोट पाजावेत. लघवी गडद पिवळी झाली किंवा बराच वेळ झाली नाही, तर पुढचा टप्पा रद्द करावा. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती विरघळवावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. डोकेदुखी, मळमळ, चिडचिड किंवा गळून जाणे दिसताच सावलीत निजवून अंग ओले करावे आणि घोट घोट पाजावे. मूल असंबद्ध बोलू लागले, झापड आली किंवा अंग चटका बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत, वारा घालत, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

रात्रीसाठी माझी पसंती तंबूपेक्षा बाजेला आहे. खालून वारा लागतो, अंग जमिनीपासून वर राहते, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचल्या की विंचू-सापांची भीती पुष्कळ कमी होते. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश अनेकदा दुखतही नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे मुलाच्या पापण्या जड झाल्या, पोटात दुखू लागले किंवा गिळता येईना, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. तंबूच लावायचा असेल तर भेगाळलेल्या काळ्या रानात खुंट्या धरत नाहीत आणि भेगांत विंचू असतात, म्हणून झाडून घेतलेली मुरमाची जागा पाहावी. अंधारात पाय खाली टाकण्यापूर्वी बॅटरी लावायची आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे, ही सवय मुलांना पहिल्याच रात्री लावावी. वीज नसलेल्या शेतात आकाश विलक्षण दिसते. उत्तरेकडचे सप्तर्षी शोधून त्यांच्या शेपटीची कमान पुढे वाढवली, की आधी स्वाती आणि मग चित्रा सापडते, आणि सहा वर्षांचे मूलही हे एकदा दाखवल्यावर विसरत नाही.

वळवाच्या पावसाबाबत मात्र तडजोड नको. दुपारनंतर ढग काळवंडून वारा सुटला, की झाडाखालचा मुक्काम आणि तंबू दोन्ही सोडून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती धोक्याइतकी जवळ आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेची सूचना देते. ते निघण्यापूर्वी फोनवर घेऊन ठेवावे. म्हणूनच मुक्कामाच्या जागेपासून धावत पोहोचता येईल असे पक्के छप्पर हवे. ते नसेल तर दुसरी जागा निवडावी.

परतीच्या दिवशी सामान रात्रीच बांधून ठेवावे, चुलीतील राख पाणी ओतून हाताला गार लागेपर्यंत विझवावी आणि पुन्हा पहाटेच्या उजेडातच निघावे. मुले थकलेली असतील, तर त्यांना आणि सायकलींना घेऊन जाणाऱ्या वाहनाची सोय आदल्या दिवशीच करून ठेवावी.