टोपभर तोणाकातला आपला वाटा कसा मोजावा

‘एक वाटी उसळ म्हणजे दीडशे कॅलरी’ असं सांगणाऱ्या तक्त्यांच्या भरवशावर डाएट करू नका. वाटी कोणाची, भरली किती आणि उसळीत नारळ अर्धा घातला की अख्खा, हे त्या तक्त्याला ठाऊक नसतं. गोव्यात तर तोणाकात, म्हणजे रसदार उसळीत, घराघरांत फरक पडतो तो वाटपातच, म्हणजे वाटलेल्या खोबरं-मसाल्यातच. म्हणून हिशेब आपल्याच टोपाचा करावा लागतो. घरच्यांसाठी एक आणि आपल्यासाठी एक असा वेगळा स्वयंपाक करायची काहीच गरज नाही.

स्वयंपाकघरातला ५ किलोपर्यंतचा डिजिटल काटा पुरे. नेहमीच्या टोपांची रिकामी वजनं, झाकण आणि डाव सोडून, एकदाच करा आणि कागदावर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवा.

कच्चं सामान तोलून लिहा. खोबरं खवल्यावरच तोला. ‘एक नारळ’ हे माप नव्हे, कारण नारळ लहानमोठे असतात. तेलासाठी बाटली फोडणीआधी आणि फोडणीनंतर काट्यावर ठेवा, जो फरक येईल तेवढं तेल. हळद, मिरची, सोलं (आमसुलं), तिरफळं सोडून द्या. कॅलरींचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांतून घ्या. त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, म्हणून ४.१८४ने भागा.

अळसांद्यांच्या (चवळीच्या) तोणाकाचं उदाहरण घेऊ, आकडे ढोबळ आहेत. सुके अळसांदे ५०० ग्रॅम म्हणजे साधारण १,७०० कॅलरी. ओलं खोबरं २५० ग्रॅम, ८८५. तेल ४० ग्रॅम, ३६०. कांदे ३०० ग्रॅम, १२०. बटाटे २०० ग्रॅम, १५५. एकूण ३,२२०. यात अळसांद्यांखालोखाल वाटा खोबऱ्याचा आहे, आणि नेमकं तेच लोक अंदाजाने धरतात.

आता खरी अडचणीची पायरी. माझं बरेच दिवस इथेच अडत होतं. मोजलं ते सगळं कच्चं आणि ताटात येतं ते शिजलेलं. अळसांदे पाणी पितात, रस आटतो, कोणी मध्येच कपभर पाणी ओततं. कच्च्या वजनाचा ताटातल्या वजनाशी मेळच बसत नाही. मग लोक ‘कच्चे ५० ग्रॅम म्हणजे शिजलेले किती’ असले गुणक शोधत बसतात. ते शोधू नका. गुणक तुमच्या आचेला आणि तुमच्या पाण्याला लागू पडत नाहीत.

एवढंच लक्षात ठेवा: पाण्याला कॅलरी नसते. टोपात ३,२२० कॅलरी गेल्या, तर रस पातळ झाला काय, दाट झाला काय, टोपात ३,२२०च राहणार. म्हणून गॅस बंद केल्यावर, कोणाच्याही ताटात एक डावसुद्धा पडण्याआधी, अख्खा टोप तोला. चव बघायची असेल तर थेंबभर बघा, वाटीभर नको. टोपासकट ३,८५० ग्रॅम भरले आणि रिकामा टोप १,२५०चा असेल, तर तोणाक २,६०० ग्रॅम. ३,२२० भागिले २,६०० म्हणजे ग्रॅमला १.२४ कॅलरी. ताटली काट्यावर ठेवून शून्य करा आणि २०० ग्रॅम वाढून घ्या: २४८ कॅलरी झाल्या. बाकीच्यांनी हवं तितकं खावं, तुमचा आकडा हलत नाही.

तापलेला टोप थेट काट्यावर ठेवू नका. आधी लाकडी पाट ठेवा, काटा शून्य करा, मग टोप. टोपाच्या बुडाखाली आकडे झाकले जात असतील तर पाटाखाली एक वाटी पालथी घाला. चतुर्थीच्या खतखत्याचं, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रश्शाचं, भांडं काट्याला पेलणार नाही. ते दोन-तीन भांड्यांत काढून तोला आणि बेरीज करा. वाढताना मात्र बुडापासून ढवळूनच घ्या. वरवरचा रस घेऊन ‘कमी खाल्लं’ म्हणणं हे स्वतःलाच फसवणं आहे.

हुमणाची, म्हणजे मासळीच्या कडीची (रश्शाची), गोष्ट वेगळी. मासळी आणि कडी एकत्र तोलून भागू नका, कारण एकाच्या ताटात डोकं येतं आणि दुसऱ्याच्या ताटात मधला तुकडा. मासळीचे तुकडे काढून बाजूला ठेवा, कडी तेवढी तोला आणि वाटप-तेलाच्या कॅलरी तिच्यावर भागा. मासळीचा हिशेब निराळा लावा: वाढलेल्या तुकड्यांच्या वजनातून जेवणानंतर उरलेले काटे वजा करा.

भाताला हीच रीत, त्यात विशेष काही नाही. उकड्या तांदळाची पेज असेल तर पाण्यासकट तोला.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कालच्या कडीत. दुसऱ्या दिवशी आटवून दाट केलेली कडी पावाबरोबर खायची आपल्याकडे सगळ्यांनाच हौस, आणि ती सोडायला मी कधीच सांगणार नाही. फक्त कालचा दर आज लावू नका. तोणाकाचंही तसंच. रात्री १,३०० ग्रॅम उरलं, म्हणजे १,६१० कॅलरी उरल्या. सकाळी आटवल्यावर ते १,१५० ग्रॅम भरलं, तर ग्रॅमला १.४० झाल्या. कालचेच २०० ग्रॅम आज २८० कॅलरींचे. म्हणून फ्रीजमध्ये टाकण्याआधी एकदा आणि गरम केल्यावर एकदा तोला. पाव आणि पोळी अर्थातच वेगळी धरायची.

त्याच मापाने तोणाक पुन्हा कराल तेव्हा ३,२२०चा आकडा तयारच असेल. शिजल्यावरचं वजन मात्र दर वेळी नव्याने घ्या.